वैद्याचें मौन : चरकोक्त प्रतिज्ञा, डॉ. भाऊ दाजी आणि आपल्या संग्रहांतील बाडें

(१)

अंबरनाथचें शिवालय व त्यांतील शिलालेख हे इतिहाससंशोधकांस अपरिचित नाहींत. उत्तरेकडील दाराच्या आंतल्या अंगास तुळईवर कोरलेला हा लेख कोंकणच्या शिलाहार वंशांतील मुम्मुणि ऊर्फ मांवाणि राजाच्या वेळचा असून त्याची मिति शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, अशी आज मान्य आहे. हा लेख वाचून विद्वानांपुढें मांडणाऱ्या आरंभींच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी हे एक होत. भाऊ दाजी हे धंद्यानें वैद्य होते, ही गोष्ट आपण संशोधक मंडळी पुष्कळदां विसरतों. आणि ते प्राचीन लेखांचे संशोधक होते, ही गोष्ट वैद्य मंडळी विसरतात.

त्याच अंबरनाथांत इ. स. २०२४ मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. प्रतिवर्षीं १०० विद्यार्थ्यांची त्याची प्रवेशसंख्या आहे. बुवापाडा ही अंबरनाथचीच एक वस्ती. तेथें कोणी आजारी पडलें तर त्याच्या उशाशीं उद्यां याच महाविद्यालयांतून तयार झालेला वैद्य उभा राहण्याचा संभव आहे. तो वैद्य काय शिकून आला, हा प्रश्न शिक्षकांचा. परंतु काय प्रतिज्ञा करून आला, या प्रश्नाचा एक भाग आपल्याकडे, म्हणजे जुन्या ग्रंथांचा व कागदांचा संग्रह करणारांकडे येतो. कारण असें कीं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें इ. स. २०२२ मध्यें वैद्यकीच्या अभ्यासक्रमांत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं सुधारलेली ‘महर्षि चरक शपथ’ घ्यावी अशी शिफारस केली. त्यावर वर्तमानपत्रांतून वाद माजला. ग्रीक हिप्पोक्रेटीसची शपथ बरी कीं भारतीय चरकाची बरी, असें त्याचें स्वरूप झालें. त्या गदारोळांत एक साधा प्रश्न मागें पडला. चरकसंहितेंत मुळांत काय आहे, त्यांतील कोणता भाग घेतला व कोणता गाळला, आणि जो घेतला त्याचा अर्थ काय? हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे, आणि म्हणूनच या त्रैमासिकांत त्याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

(२)

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठवा अध्याय ‘रोगभिषग्जितीय’ या नांवाचा आहे. या अध्यायाचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. प्रथम कोणतें शास्त्र शिकावें याची परीक्षा, मग आचार्याची परीक्षा, मग शिष्याची. पुढें उपनयनविधि, आणि त्या विधीच्या मध्यें अग्नि, ब्राह्मण व वैद्य यांच्या समक्ष आचार्यानें शिष्यास केलेला उपदेश. ज्यास आज ‘चरक शपथ’ म्हणतात ती हीच. येथें पहिला भेद ध्यानांत ठेवावा : मूळ ग्रंथांत शिष्य ‘मी असें करीन’ म्हणत नाहीं, आचार्य ‘तूं असें वाग’ म्हणून आज्ञा करितो, व शिष्य ‘तथास्तु’ या अर्थानें ती मान्य करितो. मान्य करील त्यासच शिकवावें, न करील त्यास शिकवूं नये, असा निर्बंध आहे.

उपदेशाचा आशय थोडक्यांत असा. शिष्यानें ब्रह्मचर्यानें राहावें, खरें बोलावें, मांस खाऊं नये, मत्सर करूं नये, शस्त्र बाळगूं नये. राजाशीं वैर, प्राणहानि, मोठा अधर्म किंवा अनर्थ ज्यांत येईल तें सोडून आचार्याची प्रत्येक आज्ञा पाळावी. रोग्याच्या आरोग्याकरितां सर्व प्रकारें झटावें. स्वतःच्या जिवाशीं आलें तरी त्याचा द्रोह करूं नये. परस्त्री व परधन यांचा विचार मनांतही आणूं नये. वेष साधा असावा. रोग्याच्या घरीं जातांना घरच्या ओळखीच्या व परवानगी असलेल्या माणसाबरोबर, नीट वस्त्र पांघरून, मान खालीं घालून, विचारपूर्वक जावें. आणि एकदां आंत गेल्यावर वाणी, मन, बुद्धि व इंद्रियें रोग्याच्या हिताखेरीज दुसरीकडे जाऊं देऊं नयेत. त्या घरांतील गोष्टी बाहेर नेऊं नयेत. आयुष्य सरत आल्याचें समजलें तरी जेथें तें सांगितल्यानें रोग्यास किंवा दुसऱ्यास धक्का बसेल तेथें सांगूं नये. ज्ञान असलें तरी आपल्या ज्ञानाची बढाई मारूं नये, कारण प्रामाणिक माणसाच्या बढाईचाही लोकांस उबग येतो.

त्यानंतर येतो तो भाग आमच्या मतें साऱ्या उपदेशाचा कळस होय, आणि तोच शपथेच्या वादांत सर्वांत कमी उल्लेखिला गेला. आयुर्वेदास पार नाहीं, म्हणून सतत अभ्यास करावा. चांगलें आचरण दुसऱ्यांपासून, मत्सर न धरतां, शिकावें. शहाण्यास सारें जग गुरु असतें व मूर्खास तेंच शत्रु वाटतें. म्हणून शत्रूनें सांगितलेलें देखील यशस्कर व हितकर असेल तर ऐकून त्याप्रमाणें वागावें, असा त्याचा भावार्थ. आणि याच अध्यायांत, या उपदेशास लागूनच, ‘तद्विद्यसंभाषा’ म्हणजे त्याच विद्येच्या जाणत्यांशीं चर्चा, हें प्रकरण सुरू होतें. चर्चेचे मैत्रीची व वादाची असे दोन प्रकार सांगून, मैत्रीच्या चर्चेंत निःशंकपणें विचारावें, निःशंकपणें सांगावें, हरण्याची भीति बाळगूं नये व जिंकल्याचा तोरा मिरवूं नये, असें ग्रंथकार शिकवितो.

म्हणजे चरकाच्या वैद्यास दोन शिकवणी एकाच अध्यायांत मिळतात. एक : रोग्याचें गुपित राखावें. दुसरी : आपली विद्या जाणत्यांपुढें मोकळी करावी. पुढील सर्व विवेचन या दोन शिकवणींच्या भेदावर आधारलें आहे.

(३)

सुश्रुतसंहितेंतील शिष्योपनयनाचा प्रकार सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तेथें अशी एक गोष्ट आहे कीं जी चरकांत नाहीं, आणि आजच्या शपथेंतही आलेली नाहीं. शिष्यास आज्ञा सांगून झाल्यावर आचार्य स्वतः बांधला जातो : तूं नीट वागत असतां मी तुझ्याविषयीं वांकडें पाहीन तर पाप मला लागेल व माझी विद्या निष्फळ होईल, अशा आशयाचें वचन तो देतो. शपथ दोघांची आहे. वैद्यकीच्या शिक्षणांत नीति ही केवळ विद्यार्थ्यांकडून मागावयाची वस्तु नसून शिकविणाऱ्यानेंही द्यावयाची आहे, हा विचार ज्या काळीं लिहिला गेला तो काळ पाहतां तो विशेष मानला पाहिजे.

त्याच ग्रंथांत भोपळा, काकडी, चामड्याची पिशवी इत्यादींवर शस्त्रकर्माचा अभ्यास आधीं करावा असें सांगितलें आहे. म्हणजे जिवंत माणसाच्या अंगावर शिकाऊ हात चालवूं नये. आणि एकच शास्त्र शिकणारास त्या शास्त्राचाही निर्णय करतां येत नाहीं, म्हणून वैद्यानें बहुश्रुत असावें, असेंही सांगितलें आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांची ओळख असावी कीं नसावी, यावर अलीकडे पुष्कळ लिहिलें जातें. इ. स. १९९३ पासून मुंबईहून वैद्यकीय नीतीला वाहिलेलें एक नियतकालिक निघत आहे, व इ. स. २०१९ पासून देशांतील वैद्यकीय अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संभाषण यांचा स्वतंत्र भाग नेमला गेला आहे. हा विचार परदेशांतून आला असें समजणारांनीं सुश्रुताचें तें स्थळ पाहावें.

(४)

आतां मुळांतील जो भाग आधुनिक शपथेंत नाहीं त्याकडे वळूं. प्राचीन ग्रंथाचा अभिमान असणारानें हा भाग लपवूं नये; लपविल्यास संशोधक व स्तुतिपाठक यांत भेद राहणार नाहीं.

चरकाच्या आचार्यानें शिष्यास अशीही आज्ञा केली आहे कीं, राजा ज्यांचा द्वेष करितो किंवा जे राजाचा द्वेष करितात, तसेंच थोरामोठ्यांशीं ज्यांचें वैर आहे, त्यांस औषध देऊं नये. अत्यंत दुष्ट आचरणाचे व मरणोन्मुख यांसही देऊं नये. आणि पति किंवा पालक जवळ नसतां स्त्रीची चिकित्सा करूं नये. सुश्रुतांत पारधी, पक्षी धरणारे, पतित व पापकर्मी यांची चिकित्सा वर्ज्य सांगितली आहे. मात्र त्याच श्वासांत दरिद्री, अनाथ, संन्यासी व शरण आलेले यांना आपल्या बांधवांप्रमाणें मानून स्वतःच्या औषधांनीं बरें करावें, असेंही सांगितलें आहे.

आयोगाच्या सुधारलेल्या पाठांत राजद्वेष्ट्यांचें व मांसाचें कलम दिसत नाहीं. तें गाळलें हें योग्यच झालें. जखमी मनुष्य राजाचा मित्र कीं शत्रु हें न पाहतां त्याची शुश्रूषा करावी, हें तत्त्व इ. स. १८६४ च्या जिनीव्हा करारानंतर जगानें मान्य केलें आहे. परंतु स्त्री-रोग्याची तपासणी पति किंवा नातलगाच्या समक्ष करावी, हें कलम पुरुष वैद्यांपुरतें म्हणून त्या पाठांत राहिलें, व त्यावर आक्षेप आले. आक्षेप निराधार नाहीं. घरच्याच माणसापासून जिला त्रास आहे, तिनें तें वैद्यास कसें सांगावें? मूळ नियमाचा हेतु स्त्रीचें रक्षण हा असेल. पण त्याच्या अक्षरानें आज तिचें तोंड बंद होऊं शकतें. जुन्या पाठाचा हेतु व जुन्या पाठाचीं अक्षरें या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणें हेंच पाठचिकित्सेचें पहिलें कर्तव्य होय.

येथें पोथ्यांच्या अभ्यासकांस एक समाधानाची वार्ता सांगण्यासारखी आहे. आपण सामान्यतः वापरतों तो चरकाचा पाठ म्हणजे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह संपादिलेली व निर्णयसागर छापखान्यानें इ. स. १९४१ मध्यें प्रसिद्ध केलेली आवृत्ति. परंतु विमानस्थानाची, विशेषतः या आठव्या अध्यायाची, चिकित्सक आवृत्ति तयार करण्याचें काम व्हिएन्ना विद्यापीठांतील संस्कृतज्ञांनीं हातीं घेऊन त्याकरितां पन्नासांच्या आसपास हस्तलिखितें जमविलीं. ज्या उपदेशावरून आज शेंकडों विद्यार्थी शपथ घेतात, त्याचा पाठ ठरविण्यास जुन्या प्रति लागतात. आणि अशी प्रत कोणाच्या माळ्यावर, कोणत्या फडक्यांत बांधलेली आहे, हें ठाऊक असणारे वाचक या त्रैमासिकाचेच आहेत.

(५)

वर सांगितलेल्या दोन शिकवणींचा भेद आतां स्पष्ट करूं. वैद्याचें मौन दोन प्रकारचें असतें.

पहिलें मौन रोग्याच्या हिताचें. रोग कोणता, घरांत काय पाहिलें, कोणी काय कबूल केलें, हें वैद्यानें आपल्याजवळ ठेवावें. हें मौन मोडलें तर रोगी पुढच्या वेळीं खरें सांगणार नाहीं, आणि खरें न कळल्यास निदान चुकेल. म्हणजे हें मौन केवळ सौजन्य नसून चिकित्सेचें साधन आहे.

दुसरें मौन औषधाचें. अमुक चूर्ण माझ्या घराण्याचें, अमुक तेलाची कृति वडिलांनीं मरतांना सांगितली, ती बाहेर सांगितल्यास गुण जातो, असें म्हणणारे वैद्य गांवोगांव होते व आहेत. हें मौन वैद्याच्या हिताचें असतें. रोग्याच्या हिताचें क्वचितच. कारण ज्यांतील द्रव्यें माहीत नाहींत त्याची परीक्षा दुसऱ्यास करतां येत नाहीं. अपाय झाल्यास उतारा देतां येत नाहीं. आणि वैद्याबरोबर तें औषधही मरतें. आधुनिक वैद्यकीय नियमांत, इ. स. २००२ च्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांतही, घटक ठाऊक नसलेलें गुप्त औषध देणें नीतिबाह्य ठरविलें आहे. चरकाच्या तद्विद्यसंभाषेचा रोखही तोच आहे.

दुर्दैवानें आपल्या समाजांत पुष्कळदां याच्या उलट दिसतें. गांवांत कोणास कोणता रोग आहे हें पारावर सर्वांस ठाऊक, आणि औषध कोणतें दिलें हें मात्र कोणासच ठाऊक नाहीं! जें झांकावयाचें तें उघडें, व जें उघडावयाचें तें झांकलेलें. हा उलटा व्यवहार एका थोर पुरुषाच्या हातूनही एका बाबतींत झाला. त्याची हकीकत पुढें देतों.

(६)

रामकृष्ण विठ्ठल लाड, लोकांत भाऊ दाजी, हे मूळचे गोव्यांतील मांद्र्याचे. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत त्यांचें शिक्षण झालें. कच्छ व काठेवाड येथील मुलींच्या हत्येवरील त्यांच्या निबंधास तरुणपणींच बक्षीस मिळालें होतें. म्हणजे रोगापूर्वीं समाजाच्या दुखण्याकडे त्यांची दृष्टि गेली.

मुंबईंत एतद्देशीयांस पाश्चात्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न इ. स. १८२६ मध्यें डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं झाला. तेथें शिक्षण देशी भाषेंतून दिलें जाई. ती शाळा इ. स. १८३२ त बंद झाली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट इ. स. १८३८ त वारल्यावर त्यांच्या स्मारकार्थ ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघालें व इ. स. १८४५ त सुरू झालें. शेजारींच सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें रुग्णालय उभें राहिलें. पहिले मुख्याध्यापक डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह खाटेशेजारच्या शिक्षणावर होता : रोगी पाहावा, टांचण ठेवावें, व टांचणावरून निष्कर्ष काढावा. इ. स. १८५१ मध्यें जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी होते.

पुढील वीस वर्षें त्यांनीं मुंबईंत वैद्यकी केली. धर्मार्थ दवाखाना चालविला, गरिबांस फुकट औषध दिलें. इ. स. १८६९ व १८७१ या दोन वर्षीं ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ, झाले. याच काळांत त्यांचा दुसरा संसार चालला होता : अजिंठ्याचे लेख, गिरनारचा रुद्रदामन्याचा लेख, कालिदासाचा काल, आर्यभट-वराहमिहिरांचे काल. जुनागडचे तरुण भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनीं आपल्याकडे आणिलें, व त्यांस देशभर पाठवून लेखांच्या प्रति, नाणीं व पोथ्या जमविल्या. वैद्यकीच्या मिळकतीचा मोठा भाग या कामीं खर्च झाला.

जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत सांगितलेल्या औषधींची प्रत्यक्ष परीक्षा करावी, हाही त्यांचा एक उद्योग होता. आणि त्यांतूनच महारोगाकडे ते वळले. त्या वेळीं या रोगाचा जंतु ठाऊक नव्हता. नॉर्वेंतील हान्सेननें तो इ. स. १८७३ मध्यें दाखविला. रोग्यांस घराबाहेर घालवीत. अशा रोग्यांवर भाऊंनीं एका तेलाची योजना केली व कांहींस गुण येत असल्याचें दिसूं लागलें. त्याची कीर्ति पसरली. परंतु तें तेल कशाचें, हें त्यांनीं समव्यवसायी वैद्यांस सांगितलें नाहीं. यावरून वैद्यवर्गांत त्यांच्यावर टीका झाली. ज्या महाविद्यालयानें गुप्त औषधें विकणाऱ्या वैदूंच्या विरुद्ध शिक्षण दिलें, त्याच्याच अग्रगण्य पदवीधरानें गुप्त औषध द्यावें हें टीकाकारांस सोसलें नाहीं.

तें तेल खष्ट, म्हणजे कडू कवठ, या कोंकण-गोमंतकांत उगवणाऱ्या झाडाच्या बियांचें होतें, असें पुढें समजलें. गंमत अशी कीं ही माहिती पोथीबाहेरची नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायांत पश्चिम समुद्राच्या कांठीं होणाऱ्या ‘तुवरक’ नांवाच्या वृक्षाच्या फळांचें तेल काढण्याची व कुष्ठावर तें देण्याची रीति सविस्तर दिली आहे. आणि तुवरक म्हणजे हेंच झाड किंवा याच्याच जातीचें झाड, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. शेंकडों वर्षें जें गुपित पोथींत उघडें होतें, तें एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत पुन्हां झांकलें गेलें.

भाऊंच्या बाजूनेंही कांहीं बोलतां येईल. पुरती खात्री होण्यापूर्वीं औषध जाहीर केल्यास बाजारांत खोटीं तेलें निघतील; अर्धवट शिकलेले लोक तें वाटेल त्यास पाजतील; उताविळेपणानें केलेला दावा फसल्यास देशी औषधींचीच नाचक्की होईल. ज्यानें आपली मिळकत पोथ्या व धर्मार्थ दवाखान्यांत घातली, त्यानें पैशाच्या लोभानें कृति लपविली असेल असें मानवत नाहीं. तथापि हेतु शुद्ध असला तरी परिणाम टळत नाहीं. इ. स. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यांत त्यांची सांपत्तिक स्थिति ढासळली, शेवटीं अर्धांगानें ते अंथरुणास खिळले, आणि इ. स. १८७४ च्या मे महिन्यांत वारले. किती रोग्यांस तेल दिलें, किती मात्रेनें, किती दिवस, किती जणांस गुण आला, किती जणांस नाहीं, याचा सर्वांनीं तपासावा असा हिशेब त्यांच्या हातून प्रसिद्ध झाला नाहीं. या जातीच्या तेलांवरच महारोगाची चिकित्सा पुढें सत्तरएक वर्षें, इ. स. १९४० नंतर गंधकयुक्त नवीं औषधें येईपर्यंत, मुख्यतः चालली. त्या तेलांचा गुण अनिश्चित व मर्यादित होता. तो किती मर्यादित होता हें लवकर कळण्यास भाऊंचें टांचण उपयोगी पडलें असतें.

(७)

आतां याच पुरुषाचा दुसरा व्यवहार पाहा. शिलालेखांच्या बाबतींत भाऊ दाजी कांहींच लपवीत नसत. लेखाचा ठसा, वाचन व भाषांतर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें ठेवीत व तिच्या नियतकालिकांत छापीत. छापिलें म्हणून तें तपासतां आलें. गिरनारचा रुद्रदामन्याचा लेख त्यांनीं प्रसिद्ध केला. त्यांच्या मरणानंतर इ. स. १८७८ मध्यें त्यांचेच शिष्य पं. भगवानलाल यांनीं डॉ. ब्यूलर यांच्यासह त्याचें अधिक शुद्ध वाचन दिलें. अंबरनाथच्या लेखाचेंही तसेंच : भाऊंच्या मागून तो पुन्हां तपासला गेला, व आज जी मिति व वाचन आपण मानतों तें अशा लागोपाठच्या शोधनाचें फळ आहे. शिष्यानें गुरूची चूक काढली, व त्यामुळें गुरूचें नांव कमी झालें नाहीं. उलट गुरूनें पाया घातला म्हणून शिष्यास वर चढतां आलें.

ज्या विद्येंत त्यांनीं आपलें काम उघड केलें, त्या विद्येंत त्यांच्या चुकाही उपयोगी पडल्या. ज्या विद्येंत झांकलें, त्या विद्येंत त्यांचें यशही वाया गेलें. एकाच माणसाच्या आयुष्यांत हे दोन प्रयोग शेजारीं शेजारीं घडले असल्यामुळें दोष माणसाच्या बुद्धीचा नव्हे, रीतीचा होता, हें स्पष्ट दिसतें. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास नीति शिकवावयाची तर कोरड्या कलमांपेक्षां हा दृष्टांत अधिक उपयोगी पडेल. आणि अंबरनाथच्या विद्यार्थ्यास तर त्यासाठीं देवळाच्या उत्तर दारापर्यंत जावें लागेल, इतकेंच.

भाऊंचे कांहीं लेख रामचंद्र घोष यांनीं इ. स. १८८८ मध्यें कलकत्त्यास एकत्र छापले, म्हणून ते आज हातीं आहेत. उलट दिशेनें पाहिलें तर वैद्यांनीं पोथ्यांची केलेली सेवाही थोडी नाहीं : अष्टांगहृदयाची अरुणदत्ताच्या टीकेसह शुद्ध आवृत्ति निर्णयसागराकरितां सिद्ध करणारे डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हे ग्रँट महाविद्यालयांतच शिकलेले होते. वैद्य व पोथीसंशोधक यांचें नातें मुंबई इलाख्यांत असें जुनें आहे.

(८)

शेवटीं आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयीं. मराठी घरांतील दप्तरांत वैद्यकीचीं बाडें हमखास सांपडतात. कांहीं मोडींत, कांहीं बाळबोधींत. मध्येंच मंत्र, मध्येंच ऋणकोंचा हिशेब, मध्येंच गुरांचें औषध, तोळा, मासा, गुंज अशीं मापें, झाडांचीं स्थानिक नांवें. राजकीय पत्रांच्या शोधांत असलेला संशोधक हीं बाडें बाजूस सारितो. घरचा मालक ‘हें घराण्याचें आहे’ म्हणून दाखवीत नाहीं. म्हणजे गुप्त औषधाचा दोष केवळ वैद्याचा नाहीं. पोथी दाबून ठेवणाऱ्या संग्राहकाचाही तोच दोष आहे. कपाटांतल्या पोथीस वाळवी लागते तेव्हां ती मालकाचें घराणें पाहत नाहीं.

म्हणून वाचकांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : वैद्यकीच्या बाडाची नोंद करतांना लेखक, मिति, गांव, लिपि यांबरोबरच औषधींचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच उतरून घ्यावीं, ‘शुद्ध’ करूं नयेत, खष्ट, कडू कवठ, तुवरक या तीन नांवांतील नातें अशाच नोंदींवरून कळतें. दुसरी : अमुक औषधानें अमुक रोग हटकून बरा होतो, असें जुन्या कागदांत असलें तर तें त्या काळच्या समजुतीचा पुरावा म्हणून छापावें, आजचा उपाय म्हणून नव्हे. पारा, बचनाग, सोमल हीं नांवें असलेली कृति विवेचनाशिवाय लोकांत सोडणें म्हणजे आंधळ्याच्या हातीं शस्त्र देणें होय. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा इ. स. १९५४ चा कायदा याच भयास्तव झाला.

तिसरी सूचना अधिक नाजूक आहे. बाडांत रोग्यांचीं नांवें असतात. अमक्याच्या सुनेस अमुक विकार, तमक्यास गुप्तरोग. चरकानें ज्या घरच्या गोष्टी बाहेर नेऊं नयेत म्हटलें, त्या वैद्य मेल्यावर शंभर वर्षांनीं संशोधकानें छापाव्या काय? येथें विवेक करावा. थोरल्या माधवराव पेशव्यांचा क्षय हा राज्याच्या इतिहासाचा भाग आहे, इ. स. १७७२ मध्यें थेऊर येथें त्यांचा अंत झाला नसता तर पुढील राजकारण निराळें झालें असतें. तो विषय चर्चिलाच पाहिजे. परंतु एखाद्या साध्या कुटुंबांतील बाईचें दुखणें, जिचे वंशज आजही त्याच आळींत नांदत आहेत, तें नांवानिशीं छापण्यांत इतिहासाचा कांहीं लाभ नाहीं. रोग, वय, औषध व परिणाम द्यावा, नांव झांकावें. मूळ कागद मात्र जसाच्या तसा जपावा, खरडूं नये.

औषध उघडावें, रोगी झांकावा : वैद्याचा हा धर्म वैद्यकीचीं बाडें संभाळणाराचाही धर्म आहे. ज्याच्या घरीं असें बाड असेल त्यानें तें एकदां फडक्यांतून काढून उन्हाच्या कवडशांत उलगडावें, व त्याची नोंद करून ती जाणत्यांपुढें ठेवावी, एवढीच विनंति.

बुवापाडा, अंबरनाथ